बाबा त्या गिटारवाल्यासाठी रडतात, आईसाठी रडले नाहीत

(पत्र २०२४ मधलं. थोडं कापून देते आहे. नाव अर्थातच नाही.)

ताई,
मी अटलांटाच्या उत्तरेला राहते. आई जाऊन दोन वर्षं झाली. बाबा ७१ वर्षांचे, सहा महिन्यांसाठी माझ्याकडे आलेत. आईच्या वेळी त्यांच्या डोळ्यांतून टिपूस निघालं नाही. दहाव्याला नाही, तेराव्यालाही नाही. आणि इथे रोज रात्री अकरानंतर हेडफोन लावून ऑलमन ब्रदर्स बँड नावाच्या जुन्या अमेरिकन बँडचे व्हिडिओ बघतात आणि रडतात. एप्रिलमध्ये त्यांच्यातला कुणी डिकी बेट्स वारला, तेव्हापासून हे वाढलंय असं भाऊ पुण्याहून सांगतो. आई होती तेव्हाही हे ऐकायचे, पण रडणं नव्हतं. आई त्यांच्यातल्या सोनेरी केसांच्या गायकाला ‘तो केसाळ’ म्हणायची आणि आवाज कमी करायला लावायची.

आता २९ ऑक्टोबरला त्यांना जॉर्जियातल्याच मेकन गावी जायचंय, त्या बँडचा गिटारवाला ड्वेन ऑलमन याच्या कबरीवर. यंदा त्याच दिवशी धनत्रयोदशी. सासूबाईही इथेच आहेत. त्या म्हणतात, सणासुदीला कब्रस्तानात कोण जातं? ऑफिसातली एक म्हणाली, सदर्न रॉकवाले, हे अमेरिकेच्या दक्षिणेकडचे बँड, म्हणजे तो गुलामगिरीच्या काळातला झेंडा मिरवणारे लोक, आपण जरा जपूनच.

परवा माझा तोल गेला. जेवताना, नवऱ्यासमोर, बोलून गेले, “आईसाठी यातलं निम्मं तरी रडला असतात.” बाबांनी ताट उचलून सिंकमध्ये ठेवलं. तेव्हापासून ‘हो’, ‘नको’, ‘चालेल’ एवढंच.

आणखी एक. त्यांच्या बॅगेत एक रिकामी काचेची बाटली आहे, औषधाची, लेबल खरवडलेली. मी ती टाकायला निघाले तर हातातून हिसकावून घेतली. त्यांना काही होतंय का? डॉक्टरला दाखवू? आणि नेऊ की नको?
एक लेक


बाटलीपासून सुरुवात करते, कारण पत्रातली तीच ओळ वाचून मी खुर्चीत सरळ झाले.

ती टाकू नका. माझा अंदाज बरोबर असेल तर तो कचरा नाही, वाद्याचा भाग आहे. ड्वेन ऑलमन डाव्या हाताच्या अनामिकेत औषधाची रिकामी बाटली घालून गिटार वाजवायचा. तारा बोटांनी दाबायच्या ऐवजी त्यांवरून काच सरकवायची. मग सूर एकेक पायरी चढत नाही, घसरत घसरत जातो. मींड म्हणजे काय हे ज्याच्या कानाला ठाऊक आहे त्याला हे लगेच कळतं. आपल्याकडे विचित्रवीणा तशीच वाजते, तारांवर काचेचा गोळा फिरवून. ड्वेनची बाटली कोरिसिडिन नावाच्या सर्दीच्या गोळ्यांची असायची, आणि ती त्याच्या हातात कशी आली याची एक हकिगत आहे. ती तुम्हाला मुद्दाम सांगते, कारण तुमच्या घरातल्या अबोल्यावर माझ्याकडे त्याहून चांगला उपाय नाही.

दोघं भाऊ तेव्हा लॉस एंजेलिसला होते. ड्वेन थोरला, ग्रेग वर्षभराने धाकटा. तुमच्या आईचा केसाळ तो हाच. ड्वेन घोड्यावरून पडला, डावं कोपर दुखावलं आणि त्याचं खापर त्याने ग्रेगवर फोडलं. बोलणं बंद. तेवढ्यात ड्वेनचा वाढदिवस आला, त्यात त्याला सर्दी झालेली. ग्रेगने ताज महाल नावाच्या अमेरिकन ब्लूज गायकाची नवी रेकॉर्ड घेतली, सर्दीच्या गोळ्यांची एक बाटली घेतली, दोन्ही भावाच्या दारात ठेवली, दार वाजवलं आणि पळून गेला. दोनेक तासांनी ड्वेनचा फोन, ताबडतोब ये. जाऊन बघतो तर याने गोळ्या ओतून टाकलेल्या, बाटलीवरचं लेबल धुऊन काढलेलं, आणि ती बोटात घालून रेकॉर्डबरोबर वाजवत बसलेला. त्याआधी त्याने हा प्रकार धड केलेलाही नव्हता. अबोला मोडला होता. हे ग्रेगनेच पुढे सांगून ठेवलंय.

तर तुम्ही जे बोललात ते बोलून गेलात. ते लागलंय. त्यावर बाबांना समोर बसवून “बाबा, मला तसं म्हणायचं नव्हतं” वगैरे सुरू करू नका. एकतर तुम्हाला तसंच म्हणायचं होतं. दुसरं म्हणजे त्यांच्या पिढीच्या पुरुषाला अशा बैठकीपेक्षा दाढ काढलेली परवडते. ‘राहू दे गं’ म्हणून उठतील आणि विषय कायमचा बंद होईल. गिटारच्या दुकानात जा. गिटार छेडायला पिक मिळतात, प्लास्टिकचे, अंगठ्याच्या नखापेक्षा थोडे मोठे, मूठभर घेतले तरी फार पैसे जात नाहीत. चार-पाच घ्या आणि त्यांच्या खोलीच्या दाराशी, चहाच्या कपाशेजारी ठेवा. चिठ्ठी नको. कबरीशी लोक असलेच पिक ठेवतात. बाबांना ते नक्की माहीत असणार, आणि तुम्हालाही ते आता माहीत झालंय एवढं त्यांना कळलं की पुरे.

आता रडणं.

इथे एक सोपं उत्तर माझ्या जिभेवर तयार आहे. ते गिटारवाल्याच्या निमित्ताने तुमच्या आईसाठीच रडतायत, असं लिहिलं की तुम्हालाही बरं वाटेल आणि माझंही काम होईल. पण ते मला ठाऊक नाही, आणि तुम्हालाही नाही. ते खरोखरच फक्त डिकी बेट्ससाठी रडत असतील. त्यात त्यांनी तुमच्या आईचं काही कमी केलं असं मला वाटत नाही.

मला आठवतं ते वेगळंच. आमच्या घरात मृत्यू झाला तेव्हा यजमानांच्या खिशात मृत्यूच्या दाखल्याच्या झेरॉक्स असायच्या, घडी घालून. बँक, पेन्शन, गॅसचं कनेक्शन, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट. भटजींना किती, दहाव्याला कावळा शिवेना तेव्हा काय बोलायचं, कोल्हापूरच्या मामांना स्टेशनवर घ्यायला कोण जाणार. माणसं येत होती, समोर बसत होती आणि ‘कसं झालं?’ विचारत होती, आणि ते पंचविसाव्यांदा तीच गोष्ट त्याच क्रमाने सांगत होते. त्या तेरा दिवसांत रडायला त्यांना वेळ मिळालेला मी पाहिला नाही. नंतर वेळ मिळाला तेव्हा रडायचं कारण विचारणारी माणसं निघून गेलेली होती. तुमच्या बाबांचंही असंच झालं असेल असं मी म्हणत नाही. पण पंचावन्न वर्षांपूर्वीच्या एका बँडसाठी त्यांना कुठलाही फॉर्म भरावा लागत नाही, हे तर खरं ना?

आणि त्या बँडचा हिशेब बघा. १९६९ मध्ये सहा जण एकत्र आले. ड्वेन २९ ऑक्टोबर १९७१ ला मेकनमध्ये मोटरसायकलच्या अपघातात गेला, वय २४. त्या दिवशी बँडच्या राहत्या घरी बेरी ओकलीच्या बायकोला वाढदिवसाच्या शुभेच्छा देऊन तो निघाला होता. बेरी त्यांचा बेस वाजवणारा. एक वर्ष आणि तेरा दिवसांनी, ११ नोव्हेंबर १९७२ ला, तिथून तीन-चार चौकांवर, मोटरसायकलच्याच अपघातात बेरी गेला. तोही २४. मग चव्वेचाळीस वर्षं उरलेले चौघं भांडत, फुटत, जुळत जिवंत राहिले. जानेवारी २०१७ मध्ये ड्रमर बुच ट्रक्स, त्याच मे महिन्यात ग्रेग, ६९ वर्षांचा, यकृताचा कर्करोग. आणि आता १८ एप्रिल २०२४ ला डिकी बेट्स, वय ८०. सहातला एकच उरलाय, दुसरा ड्रमर, जेमो. तोही ऐंशीचा. बाबांच्या वयाचा माणूस अशा बोटांवर नुसता बँड मोजत नसतो. आमच्या पिढीला ही मोजणी येते, कारण वर्गाच्या जुन्या फोटोवर आम्ही तीच करतो.

ही माहिती माझी आहे असं समजू नका. माझा थोरला भाऊ या लोकांचा भक्त. तुमचं पत्र आल्यावर त्याला फोन केला तर पाऊण तास सोडलं नाही मला. आम्ही सदाशिव पेठेत दोन खोल्यांत राहायचो आणि मी दहावीचा अभ्यास करत असताना हा पलीकडे फिलमोर ईस्टची रेकॉर्ड लावायचा. मार्च १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या एका थिएटरात केलेलं ध्वनिमुद्रण, दोन तबकड्यांचं. त्यातली शेवटची पूर्ण बाजू म्हणजे एकच गाणं, ‘व्हिपिंग पोस्ट’, तेवीस मिनिटं. आमचे वडील म्हणायचे, “याला संपवता येत नाहीये, कुणीतरी जाऊन मदत करा रे.” मला तेव्हा राग यायचा. पुढे सवाई गंधर्वला रात्रभर बसायला लागले तेव्हा लक्षात आलं, हे लोक बढत करत होते. एक लहानशी गोष्ट घ्यायची आणि घाई न करता तिच्यातून जे निघेल ते काढत राहायचं. ड्वेन स्वतः माइल्स डेव्हिस आणि कोल्ट्रेन यांचं जॅझ ऐकत बसायचा, हे नंतर वाचलं. त्या गाण्याची सुरुवात अकरा मात्रांची आहे. ग्रेगने ते लिहिलं तेव्हा त्याला अकरा मात्रा वगैरे ठाऊक नव्हतं, तो आपला तीन, तीन, तीन आणि दोन असं मोजत होता. लिहिलं कुठे, तर इस्त्रीच्या फळीच्या कापडावर, जळक्या काड्यांनी. रात्र होती, घरात लहान मूल झोपलेलं, दिवा लावता येईना आणि कागद सापडेना.

बाबांना यातली एखादी गोष्ट विचारा. परीक्षा घेतल्यासारखी नाही, खरंच विचारा. त्यांनी हे पहिल्यांदा कुठे ऐकलं, कुणाकडे, त्या खोलीत आणखी कोण होतं. तुम्ही पत्रात बँडबद्दल चार ओळी लिहिल्यात आणि त्यात बाबांचा तरुणपणी याच्याशी संबंध कसा आला, हे नाही. म्हणजे बहुधा तुम्हालाच माहीत नाही.

डॉक्टरचं म्हणाल, तर जेवण नीट आहे, सकाळी फिरायला जातात, नातवंडांशी बोलतात, रात्री तास-दोन तास ऐकून झोपतात, असं असेल तर यात औषध देण्यासारखं मला काही दिसत नाही. वजन उतरायला लागलं, पहाटेपर्यंत जागरण होऊ लागलं, ‘आता पुरे झालं’ अशा अर्थाचं काही बोलले, तर मात्र वाट बघू नका, लगेच दाखवा. आणि तेव्हा बँडला दोष देत बसू नका.

नेऊ का, तर न्या. धनत्रयोदशीलाच न्या.

तारखेला त्यांच्या लेखी अर्थ आहे, आणि तो बँडच्याही लेखी होता. ऑलमन ब्रदर्सचा अखेरचा कार्यक्रम २८ ऑक्टोबर २०१४ ला न्यूयॉर्कच्या बीकन थिएटरात झाला. मध्यरात्र उलटून गेली तरी चालू होता, म्हणजे संपला तो ड्वेनच्या पुण्यतिथीच्या दिवशी. शनिवारी जाऊ, सुट्टी आहे, असं बाबांना सांगू नका. आपण तरी वर्षश्राद्ध शनिवार बघून करतो का? (आता करतात म्हणा. असो.)

सासूबाईंना कसं सांगायचं हा प्रश्न तुमचा आहे, पण मुद्दे देते. यात सुतक नाही, सोयर नाही, कुणी आत्ता गेलेलं नाही. ड्वेनची कबर आहे ते रोझ हिल आपल्या अर्थाने स्मशानही नाही. १८४० मध्ये नदीकाठच्या उतारावर बागेसारखं आखून केलेलं दफनस्थान आहे ते, ओकमल्गी नदी खाली वाहते, काठाने आगगाडीचे रूळ जातात. लोक तिथे फिरायला जात आलेत. हा बँडच मुळात तिथे पडीक असायचा. मेकनला आले तेव्हा यांच्याकडे पैसे नव्हते, मग रात्री गिटारी घेऊन थडग्यांमध्ये बसायचं. डिकी बेट्सने एका प्रसिद्ध धूनला ‘एलिझाबेथ रीडच्या स्मरणार्थ’ असं नाव दिलं, ते तिथल्याच एका दगडावरून उचलून. ज्या मुलीवर ती धून बेतली होती तिचं नाव उघड करण्यासारखं नव्हतं, म्हणून एकोणिसाव्या शतकात जन्मलेली ही बाई कामी आली. बाबा तो दगड शोधणार, तेवढा वेळ हाताशी ठेवा. घरी परतल्यावर सासूबाईंच्या समाधानासाठी आंघोळ करा. तुमचं काय जातं?

संध्याकाळी परत याच. अटलांटातून मेकन दीड तास, तुमच्याकडून दोन धरा. सकाळी निघालात तर दिवेलागणीला घरी. यमदीपदान तुमच्याकडे करतात की नाही मला माहीत नाही. आमच्याकडे त्या संध्याकाळी कणकेचा दिवा दाराबाहेर ठेवतात, वात दक्षिणेकडे. एरवी वर्षभर दिव्याचं तोंड दक्षिणेला करायचं नाही म्हणून आई ओरडायची, तो एकच दिवस चालतं. अपमृत्यू टळावा म्हणून असतो तो. सासूबाईंना हे माझ्यापेक्षा चांगलं माहीत असणार. चोवीस वर्षांचा पोरगा त्या तारखेला रस्त्यावर गेला, एवढंच त्यांना सांगून बघा. मला वाटतं, कणीक त्याच मळतील.

तुमच्या ऑफिसातल्या बाईंचं म्हणणं अगदीच उडवून लावण्यासारखं नाही. सदर्न रॉकमधल्या काही बँडनी तो झेंडा वर्षानुवर्षं मंचावर मिरवला, आणि तुम्हाला तो कुणाच्या गाडीवर किंवा जॅकेटवर दिसूही शकतो. पण ज्यांच्याकडे तुम्ही निघालात त्यांची गोष्ट जरा निराळी आहे. १९६९ च्या जॉर्जियात हा काळ्या-गोऱ्यांचा मिश्र बँड होता. जेमो काळा. एकत्र राहायचे, एकत्र जेवायचे, आणि त्या काळी तिथे ते खटकणारी माणसं भरपूर होती. मेकनमध्ये एच अँड एच नावाची खानावळ आहे. ती सुरू केली दोन काळ्या बायकांनी, त्यांतल्या लुईझ हडसन यांना सगळे ‘मामा लुईझ’ म्हणत. ही पोरं पहिल्यांदा आली तेव्हा पैसे जेमतेम, म्हणून दोन ताटं मागवून सगळ्यांत वाटून खायला लागली. मामा लुईझनी प्रत्येकाला वेगळं ताट आणून दिलं. पुढे नाव झाल्यावर पोरांनी त्यांना दौऱ्यावर बरोबर नेलं. त्या २०२२ मध्ये गेल्या. ग्रेगने तर उतारवयात साफ सांगितलं होतं की तो झेंडा लोकांना गुलामगिरीची आठवण करून देत असेल तर खुशाल जाळा. ‘सदर्न रॉक’ या शब्दावरही त्याचा राग होता. रॉक जन्मलंच दक्षिणेत, मग सदर्न रॉक म्हणजे रॉक-रॉक म्हणण्यासारखं, असं त्याचं म्हणणं. आपल्या पिवळ्या पीतांबरासारखं.

जेवायला तिथेच जा. उघडं आहे ना, ते आधी बघून घ्या. बँड जिथे राहायचा ते व्हाइनव्हिल अॅव्हेन्यूवरचं ‘बिग हाउस’ आता संग्रहालय आहे, पण तेही आठवड्याचे सगळे दिवस उघडं नसतं. नाहीतर बाबा फाटकाबाहेर उभे राहतील आणि ‘चालेल’ म्हणतील. त्यांचं ‘चालेल’ तुम्ही हल्ली बरंच ऐकलंय.

रोझ हिलमध्ये उतार आहे. ७१ वर्षांचे गुडघे, म्हणून काठी नको म्हणाले तरी गाडीत असू द्या. कबरींना कुंपण आहे. चाहत्यांनी पूर्वी त्या दगडांवर बरेच उपद्व्याप केलेत, त्यामुळे बाहेरूनच बघायचं. ड्वेन आणि बेरी शेजारी शेजारी आहेत, ग्रेगही तिथेच. २०१७ च्या जूनमध्ये त्याला तिथे नेलं तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोक उभे होते, आणि अंत्यविधीच्या मंडळींमध्ये माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर होते. बेरीच्या दगडावर एक ओळ कोरलेली आहे, भावाची होडी पैलतीराला लावायला मदत कर, बघशील तर तुझीही तीराला लागलेली असेल, अशा अर्थाची. इंग्रजीत ही ओळ ‘हिंदू म्हण’ म्हणून फिरते. मी साठ वर्षं मराठी ऐकतेय, मला कुणी ही म्हण ऐकवलेली नाही. पण बाबांना तिथे कुणी विचारलंच, तर होय म्हणू देत, आमच्याकडे रोज म्हणतात.

कारण विचारतील. त्या दिवशी तिथे दुसरं कुणी ना कुणी असण्याची शक्यता बरीच आहे. पांढऱ्या दाढीचा एखादा माणूस बाबांना विचारेल, तुम्ही त्यांना कधी पाहिलंत? बाबांनी त्यांना कधीच पाहिलेलं नसणार. तिथे तुम्ही मध्ये पडू नका. ‘माय फादर इज फ्रॉम इंडिया’ असं म्हणून त्यांच्या वतीने सुरू करू नका. त्यांचं इंग्रजी तुम्हाला वाटतं त्यापेक्षा चांगलं आहे, आणि रेकॉर्डमधला कुठला तुकडा किती मिनिटांनी येतो हे सांगायला फार इंग्रजी लागत नाही. तुम्ही चार पावलं मागे राहा. रडले तर पाणी, टिश्यू घेऊन धावू नका. फोटो त्यांनी सांगितला तरच काढा.

एक चूक सगळे करतात, ती टाळा. बँडच्या एका रेकॉर्डच्या नावात पीच आहे, म्हणून ड्वेन पीचच्या ट्रकवर आदळला अशी दंतकथा पसरलीय. तो लाकूड उचलायची क्रेन वाहणारा ट्रक होता. नाव आलं ड्वेनच्याच एका वाक्यातून. जॉर्जियात असलो की शांततेसाठी एक पीच खातो, असं तो एका मुलाखतीत म्हणाला होता. ऑक्टोबरअखेर तिथे ताजे पीच मिळत नाहीत, हंगाम ऑगस्टमध्येच संपतो, तेव्हा दुकानं पालथी घालू नका. धनत्रयोदशीसाठी झेंडू आणणारच आहात, त्यातले चार बाजूला काढा.

आता मागचं एक राहिलं. ते निम्मं रडण्याचं.

ड्वेन गेला त्या सकाळी त्याने ग्रेगला फोन केला होता. ड्वेनच्या कोकेनमधलं थोडं ग्रेगने न विचारता घेतलं होतं, त्यावरून. ग्रेगने साफ नाही म्हणून सांगितलं. ड्वेनने उलट माफी मागितली आणि फोन ठेवला. भावाशी आपलं शेवटचं बोलणं म्हणजे एक खोटं होतं, हे ग्रेगने २०१२ मध्ये आत्मचरित्रात लिहिलं. तोपर्यंत चाळीस वर्षं गेली होती. ही गोष्ट बाबांना माहीत असणार, आणि ते रात्री बघत असतात त्यातल्या प्रत्येक व्हिडिओत ग्रेगच्या चेहऱ्यावर ते ती वाचत असणार. तुमच्या आईशी त्यांचं शेवटचं बोलणं काय झालं, कोण जाणे. हॉस्पिटलात होत्या का, घरी होत्या का, आवाज कमी करा म्हणाल्या होत्या का, यातलं तुम्ही काहीच लिहिलेलं नाही. विचारू नका. पण जाता-येता चार तास गाडीत आहात, पुढे दोघंच बसा. नवऱ्याला म्हणावं, तू दिवाळीचं बघ.

जाताना गाडीत काय लावायचं ते बाबा ठरवतील. येताना तुम्ही ‘लिटल मार्था’ लावा. ड्वेनने ती शेवटच्या महिन्यात ध्वनिमुद्रित केली, नुसत्या दोन गिटारी, शब्द नाहीत. सांगतात की त्याला स्वप्नात गिटारवादक जिमी हेंड्रिक्स दिसला आणि त्याने मोटेलच्या न्हाणीघरात बेसिनच्या नळावर बोटं फिरवून ही धून दाखवली. दोन मिनिटांत संपते. तुमच्या आईलाही आवाज कमी करावा लागला नसता.

आणि बाटली बरोबर असू द्या. तिच्यावर कुणाच्या औषधाचं लेबल होतं, हे मला इथून सांगता येत नाही, आणि बाबांनी ते ड्वेनसारखं धुऊन काढलं की आणखी कशासाठी खरवडलं, तेही नाही. कुंपणापाशी ठेवतील किंवा परत खिशात घालतील. खिशात घातली तर घरी आल्यावर तुम्ही तिला हात लावू नका.